पहाडगंजात बसून वेबसाइट शिकायची? आधी हा हिशेब वाचा

चार पानांची साधी वेबसाइट स्वतः बनवायला शिकण्याचा खर्च शून्य. ती स्वतःच्या नावाने इंटरनेटवर ठेवण्याचा खर्च करासकट वर्षाला साधारण 600 ते 1,800 रुपये. वेळ, रोज तासभर दिलात तर दीड ते दोन महिने. पहाडगंजात, करोल बागेत किंवा फोनवर कुणी याहून मोठा आकडा सांगितला, तर वरचे पैसे नेमके कशाचे एवढंच विचारा. उत्तर लेखी मागा.

साधी वेबसाइट म्हणजे काय ते आधी ठरवून टाकू. तुम्ही कोण, काम काय, दर किती, पत्ता आणि फोन कुठला. नूतन मराठी शाळेच्या आसपास शिकवण्या घेणाऱ्या बाई, डबे पुरवणारं कुटुंब, आराकशान रोडवरच्या गेस्ट हाउसचा मॅनेजर, करोल बागेतला विट्याकडचा गलाईवाला, मंडळाच्या गणेशोत्सवाचा कार्यक्रम लोकांपर्यंत पोचवणारा कार्यकर्ता: या सगळ्यांचं चार पानांत भागतं. ऑनलाइन दुकान, खोल्यांचं बुकिंग, ग्राहकांचं लॉगिन यात येत नाही.

शिकायच्या गोष्टी दोनच, एचटीएमएल आणि सीएसएस. पहिल्याने पानावर मजकूर, चित्रं, तक्ते, दुवे येतात. दुसऱ्याने रंग, अक्षरांचा आकार आणि मोबाइलवर पान नीट बसणं सांभाळलं जातं. जावास्क्रिप्ट, डेटाबेस, ‘फुल स्टॅक’ यांतलं काहीही पहिल्या दोन महिन्यांत लागत नाही. क्लासवाला ते पॅकेजमध्ये घालत असेल तर तुमची गरज वाढलेली नसते, फी तेवढी वाढलेली असते. एमएस-सीआयटी झालेलं असलं तर फाइल, फोल्डर, टायपिंग यांत अडणार नाही. झालेलं नसलं तरी अडत नाही.

फुकट कुठे शिकाल

मराठीतून सुरुवात करायची असेल तर आयआयटी मुंबईचा ‘स्पोकन ट्यूटोरियल’ उपक्रम पहा. छोटे छोटे व्हिडिओ, अनेक भारतीय भाषांत आवाज, त्यांत मराठीही. प्रत्येक विषयापुढे भाषांची यादी असते. हवा तो धडा मराठीत नसला तर हिंदी घ्या. व्हिडिओ उतरवून घेता येतात, म्हणजे नेट नसतानाही चालतात. बघायची पद्धत एकच: अर्ध्या पडद्यावर व्हिडिओ, अर्ध्यावर तुमची फाइल, आणि तो थांबवत थांबवत तसंच टाइप करणं. नुसतं बघून काही येत नाही.

इंग्रजी वाचता येत असेल तर ‘फ्रीकोडकॅम्प’ घ्या. धडे मोफत, सराव तिथेच ब्राउझरमध्ये, प्रमाणपत्रही मोफत. अडलं की मोझिलाचं ‘एमडीएन’ उघडा, तो या विषयाचा संदर्भकोश आहे. केंद्र सरकारच्या ‘स्वयम’वर शिकणं मोफत असतं, परीक्षा आणि प्रमाणपत्राला शुल्क पडतं. वेबसाइट बनवण्यासाठी प्रमाणपत्र कुणी मागत नाही, तेव्हा ते पैसे वाचवा. सरकारी नोकरीच्या अर्जाला संगणकाचं प्रमाणपत्र हवं असेल तर मात्र गोष्ट वेगळी. तेव्हा केंद्र सरकारच्या ‘नायलिट’ संस्थेची ‘ओ लेव्हल’ बघा. तिच्यात वेब डिझायनिंगचा स्वतंत्र पेपर आहे. जाहिरातीत ‘ओ लेव्हल किंवा समकक्ष’ असं लिहिलंय का, ते आधी वाचा आणि मगच फी भरा.

पुस्तक हवंच असेल तर दर रविवारी आसफ अली रोडवरच्या महिला हाटमध्ये जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. पूर्वी दर्यागंजच्या फुटपाथवर भरायचा तोच, 2019 साली इथे हलवला. पहाडगंजातून अजमेरी गेटमार्गे रिक्षाने थोडक्यात पोचता. पण किंमत बघायच्या आधी प्रकाशनाचं वर्ष बघा. पानाची मांडणी सोपी करणारं सीएसएस ग्रिड ब्राउझरांत 2017 साली आलं. त्याआधीचं पुस्तक 50 रुपयांत मिळालं तरी महाग, कारण त्यातलं निम्मं नंतर विसरावं लागतं.

यंत्र आणि जागा

फोनवर शिकता येतं, पण जीव मेटाकुटीला येतो. जुना लॅपटॉप पुरे. बाजार नेहरू प्लेस. नवी दिल्ली स्टेशनवरून यलो लाइनने सेंट्रल सेक्रेटरिएट, तिथे व्हायोलेट लाइन. एका बाजूचं भाडं 50 रुपयांच्या आत. रविवारी जाऊ नका, मुख्य दुकानं बंद असतात. कंपन्यांनी काढून टाकलेले, दुरुस्त केलेले लॅपटॉप साधारण 15,000 ते 22,000 रुपयांत सांगतात. पहिला आकडा मान्य करायचा नसतो हे तुम्हाला सांगायला नको.

तिथे एकच सापळा मोठा आहे. विंडोज 10चे नियमित अपडेट 14 ऑक्टोबर 2025ला थांबले. विंडोज 11 साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढच्या प्रोसेसरवरच अधिकृतपणे चालतं. सातव्या पिढीचं यंत्र ‘विंडोज 11 टाकून देतो’ म्हणून विकलं जात असेल तर ते आडमार्गाने टाकलेलं असतं. अशा यंत्राला किंमत कमी द्या आणि त्यावर उबंटू किंवा लिनक्स मिंट टाकून घ्या. दोन्ही मोफत, आणि आपल्या कामाला पुरेसे. कुठलंही यंत्र घेताना बघा: 8 जीबी रॅम, एसएसडी, चालू बॅटरी, सगळी बटणं. दुकानातच चार्जर काढून अर्धा तास चालवून बघा. पक्कं बिल घ्या, त्यावर यंत्राचा सीरियल नंबर लिहून घ्या. ‘बिल हवं तर 18 टक्के वेगळे’ असं ऐकू येईल. बिल नसेल तर वॉरंटी तोंडी, आणि तोंडी वॉरंटी दुकानाच्या पायरीवर संपते.

लिहिण्यासाठी ‘व्हीएस कोड’ मोफत आहे. साध्या नोटपॅडवरही चालतं. सॉफ्टवेअरचे पैसे कुणालाही देऊ नका.

घरी जागा नसेल तर? मेन बाजारातल्या सायबर कॅफेत ओळखपत्र मागतील. 2011च्या नियमांनुसार त्यांना ग्राहकाची नोंद ठेवावीच लागते, त्यात वावगं काही नाही. आधारची पूर्ण प्रत देण्याऐवजी यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून ‘मास्क्ड आधार’ उतरवून ती द्या, तिच्यावर पहिले आठ आकडे झाकलेले असतात. तिथे सराव करा, पण वेबसाइटच्या नावाचं किंवा बँकेचं खातं तिथल्या यंत्रावर उघडू नका. नवी दिल्ली स्टेशनवरच्या रेलवायरच्या वायफायला पहिला अर्धा तास मोफत असतो. धडे उतरवून घ्यायला तो बरा, तिथे बसून शिकायला नाही. प्लॅटफॉर्म तिकीट 10 रुपये.

पुस्तक घेऊन शांत बसायचं असेल तर दिल्ली पब्लिक लायब्ररीची मुख्य शाखा एस. पी. मुखर्जी मार्गावर, जुन्या दिल्ली स्टेशनसमोर आहे. नवी दिल्ली मेट्रो स्टेशनवरून चांदनी चौक दुसरं स्टेशन. सभासदत्व नाममात्र. राजेंद्रनगर आणि करोल बागेत ‘लायब्ररी’ म्हणून जी अभ्यासाची खुर्ची भाड्याने मिळते, तिला वायफायसह महिन्याला साधारण 1,500 ते 4,000 रुपये पडतात. तळघरातली घेऊ नका, कितीही स्वस्त असली तरी. 27 जुलै 2024ला जुन्या राजेंद्रनगरात अशाच तळघरात पाणी शिरून तीन विद्यार्थ्यांचा जीव गेला.

क्लास लावायचाच असेल तर

काहींना समोर माणूस असल्याशिवाय शिकता येत नाही, ते मान्य. मग एचटीएमएल-सीएसएसपुरता, सहा ते आठ आठवड्यांचा, दरमहा फी घेणारा वर्ग शोधा. आधी दोन दिवस बसून बघा. बॅचमध्ये किती जण आणि यंत्रं किती, हे स्वतः मोजा. शिक्षकाने बनवलेली चालू वेबसाइट दाखवायला सांगा. दाखवता आली नाही तर उठा.

फीचा आकडा सांगतील तो शेवटचा नसतो. नोंदणी, ‘स्टडी मटेरिअल’, लॅब, परीक्षा, प्रमाणपत्र, आणि वर 18 टक्के जीएसटी, असं एकेक बाहेर येतं. म्हणून प्रश्न असा विचारा: ‘प्रमाणपत्र हातात पडेपर्यंत एकूण किती, करासकट?’ आणि तो आकडा त्यांच्याकडून लिहून घ्या. जीएसटी लावत असतील तर पावतीवर जीएसटी क्रमांक हवा. तो क्रमांक जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर टाकला की नाव समोर येतं. नाव जुळत नसेल तर कर म्हणून दिलेले पैसे कुणाच्या खिशात जातायत ते कळलंच.

सगळ्यांत वाईट प्रकार ‘बिनव्याजी हप्त्यां’चा. तुम्हाला वाटतं फी हप्त्याने भरतोय. प्रत्यक्षात एखाद्या वित्तसंस्थेचं कर्ज तुमच्या नावावर निघालेलं असतं आणि क्लासला पूर्ण पैसे पहिल्याच दिवशी पोचलेले असतात. क्लास सोडला, बंद पडला, शिक्षक गेला, तरी हप्ता चालूच. चुकवलात तर सिबिल स्कोअर खराब. पॅन, आधार आणि ओटीपी मागितला की समजा हे कर्ज आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार वित्तसंस्थेला अटींचा खुलासा करणारं ‘केएफएस’ नावाचं पत्रक कर्ज घेणाऱ्याच्या हाती द्यावं लागतं, आणि डिजिटल कर्जाला माघारीची मुदत, म्हणजे ‘कूलिंग-ऑफ’, असते. पत्रक मागा, मुदत किती ते वाचा, मन बदललं तर त्या मुदतीतच कर्ज परत करा. ओटीपी मात्र स्वतःच्या हाताने टाका, काउंटरवरच्या मुलीला फोन देऊ नका. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ हे शब्द दिसले तर पत्रक तिथेच ठेवून या.

नाव: खरे पैसे इथे जातात

वेबसाइटचं नाव, म्हणजे डोमेन, विकत मिळत नाही. ते वर्षाच्या भाड्याने असतं. डॉट इन साधारण 500 ते 900 रुपये, डॉट कॉम 900 ते 1,500, वर 18 टक्के जीएसटी. जाहिरातीत 99 किंवा 199 दिसतं तो पहिल्या वर्षाचा दर, आणि तोही बऱ्याचदा दोन-तीन वर्षांचे पैसे एकदम भरले तर. बघायचा दर नूतनीकरणाचा, ‘रिन्यूअल’चा. तो पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत असतो.

पैसे भरायच्या पानावर टोपलीत आधीच काही वस्तू पडलेल्या असतात. एसएसएल प्रमाणपत्र: काढून टाका, ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ते 2015पासून मोफत देतं आणि बहुतेक होस्टिंगवर, म्हणजे पानं ठेवायच्या जागेवर, आपोआप लागतं. ईमेल पेटी: काढा, पहिल्या वर्षी नेहमीचा ईमेल पुरतो. ‘वेबसाइट बिल्डर’: काढा, तेच तर तुम्ही शिकताय. ‘एसइओ पॅक’: काढाच. फोन-पत्ता झाकणारी प्रायव्हसी सेवा बऱ्याच ठिकाणी मोफत मिळते, पैसे मागत असतील तर दुसरीकडचा दर बघा.

कागद कुठले? ईमेल, फोन, यूपीआय किंवा कार्ड. डॉट इनसाठी ओळखीची पडताळणी मागतात, तेव्हा आधार किंवा पॅन जवळ ठेवा. नाव-पत्ता खरा द्या, खोटा निघाला तर नाव गोठवलं जाऊ शकतं. दुकान परवाना, उद्यम नोंदणी, जीएसटी यांतलं काहीही साध्या वेबसाइटला लागत नाही. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर मोफत होते. ती करून देण्याचे पैसे घेणारे दलाल वेगळेच, त्यांच्या नादी लागू नका.

पैसे भरताना ‘ऑटो-रिन्यू’ला होकार दिलात तर पुढच्या वर्षी रक्कम आपोआप कापली जाते. 15,000 रुपयांपर्यंत पुन्हा ओटीपी लागत नाही, पण किमान 24 तास आधी सूचना यायलाच हवी. माझं मत: नावासाठी ऑटो-रिन्यू चालू ठेवा, होस्टिंगसाठी बंद. नाव विसरलात तर महागात पडतं. डॉट कॉम नावाचे पैसे मुदतीनंतरच्या सवलतीच्या काळातही भरले नाहीत, तर पुढचे 30 दिवस ते सोडवून घ्यायला काही हजारांचा दंड मागतात, आणि त्यानंतर ते कुणालाही मिळतं.

नोंदणी झाली की एकदोन दिवसांत फोन सुरू होतात. ‘सर, तुमची वेबसाइट अर्धवट आहे’, ‘गुगलवर पहिल्या नंबरला आणतो’, ‘तुमचं नाव दुसरी कंपनी घेतेय, आजच पैसे भरा’. नोंदणीत दिलेला नंबर त्यांना यादीतून मिळालेला असतो. म्हणून शक्य असेल तर दुसऱ्या सिमचा नंबर द्या. नाव जिथे घेतलं त्या कंपनीच्या खात्यात स्वतः लॉगिन करून दिसेल तेवढीच मुदत खरी. ईमेलमधल्या दुव्यावरून पैसे भरू नका.

देवनागरीत नाव हवं असेल तर डॉट भारत आहे. 2014 साली तो सुरू झाला तेव्हा देवनागरीतल्या ज्या आठ भाषांसाठी आला, त्यांत मराठी आणि कोकणीही होत्या. हौस म्हणून जरूर घ्या, पण व्हिजिटिंग कार्डावर रोमन अक्षरांतलं नावही छापा, कारण दिल्लीत फोनवर नाव सांगायची वेळ येतेच.

पान ठेवायचं कुठे

साध्या, स्थिर पानांना होस्टिंगचे पैसे देऊ नका. गिटहब पेजेस मोफत आहे, 1 जीबीपर्यंत साइट ठेवता येते. मोफत खात्यात मात्र तुमच्या फाइल सगळ्यांना दिसतात, ग्राहकांची यादी चुकूनही तिथे ठेवू नका. शिवाय ऑनलाइन व्यापार चालवायला ती जागा नाही, असं ते स्वतःच सांगतात. धंद्याच्या पानाला क्लाउडफ्लेअर पेजेस बरं, तेही मोफत. व्हर्सेलची मोफत योजना बिगर-व्यावसायिक वापरापुरती आहे. आणि मोफत म्हणजे कायमचं असं धरू नका: गुगल बिझनेस प्रोफाइलवर दुकानदारांना मिळणाऱ्या फुकट वेबसाइटी गुगलने मार्च 2024मध्ये बंद केल्या. नाव तुमचं आणि सगळ्या फाइल पेनड्राइव्हवर असतील तर तासाभरात दुसरीकडे जाता येतं.

विकतचं होस्टिंग घ्यायला कुणी गळ घातलीच तर असा हिशेब करा. ‘महिना फक्त 79 रुपये’ हा दर बहुधा 48 महिने एकदम भरले तर. 79 गुणिले 48 म्हणजे 3,792. वर 18 टक्के कर 683. आज खिशातून 4,475 रुपये. पुढचा दर किती, ते परत बारीक अक्षरांत.

मराठी अक्षरांचं दुखणं

हे कुठल्याच क्लासात सांगत नाहीत. दिल्लीतल्या टायपिंगच्या दुकानांत मजकूर अजून कृतीदेवमध्ये करून मिळतो, महाराष्ट्रात श्री-लिपीमध्ये. छापायला ते ठीक. वेबसाइटवर चिकटवलंत की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो, आणि मग तोच दुकानदार ‘कन्व्हर्ट’ करून द्यायचे पानामागे पैसे मागतो. म्हणून टायपिंगला देतानाच ‘युनिकोडमध्ये हवं’ असं सांगा. त्याहून बरं, फोनवरच्या जीबोर्डने स्वतः टाइप करा, बोलूनही लिहिता येतं. पानाच्या डोक्याशी अक्षरसंच यूटीएफ-8 आणि भाषा मराठी अशी नोंद ठेवा. फॉन्ट विकत घेऊ नका: मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बालू’, किंवा ‘नोटो सॅन्स देवनागरी’, गुगल फॉन्ट्सवर मोफत आहेत आणि धंद्यासाठीही चालतात. डीटीपीवाल्याने दिलेला फुकट फॉन्ट वापरायच्या आधी त्याचा परवाना बघा.

दुसऱ्याकडून करून घेतलीत तर

वेळ नाही म्हणून ओळखीच्या मुलाला काम दिलंत, हरकत नाही. चार पानांचे दर काही हजारांपासून कितीही सांगतात. पण नाव तुमच्याच ईमेलवर, तुमच्याच खात्यातून, तुमच्याच कार्डाने घ्या. बहुतेक भांडणं इथेच होतात: नाव करून देणाऱ्याच्या खात्यात असतं, तो फोन उचलत नाही, आणि दोन वर्षांनी तुमचा छापलेला बोर्ड दुसऱ्याच्याच पानावर जातो. नाव आधीच त्याच्या खात्यात असेल तर हस्तांतराचा कोड त्याच्याकडून मागून घ्या. नवं डॉट कॉम नाव 60 दिवस दुसऱ्या कंपनीकडे हलवता येत नाही, एवढी सबब खरी. त्यापुढची खरी नाही. काम संपलं की सगळ्या फाइल एका फोल्डरमध्ये घ्या आणि शेवटचा हप्ता त्यानंतरच द्या. ‘वार्षिक देखभाल’ म्हणून पैसे मागत असेल तर वर्षात काय काय बदलून देणार ते लिहून घ्या. दर बदलायचा असेल तर एक ओळ बदलायची असते, आणि दीड महिना शिकलात तर ती तुम्हीच बदलाल.

पानावर पैसे घ्यायचे असतील तर सुरुवातीला यूपीआयचा क्यूआर पुरे, त्याला शुल्क नाही. कार्डही घ्यायचं असेल तर पेमेंट गेटवे साधारण 2 टक्के आणि त्यावर जीएसटी कापतो. पॅन, बँक खातं आणि धंद्याचा पुरावा मागतो, आणि पैसे परत करण्याचे नियम, गोपनीयता, संपर्क अशी पानं तपासूनच खातं चालू करतो.

फसगत झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. पावती, पैसे भरल्याचा पुरावा आणि खरेदीच्या दिवशी दाखवलेल्या दराचा स्क्रीनशॉट लागेल, तो पैसे भरायच्या आधीच काढून ठेवा. खात्यातून पैसे उडाले असतील तर 1930, आणि तो फोन त्याच तासात करा.